अकरावा भाग आधी

रविवारी दुपारी सव्वा वाजता, जेवण अर्ध्यावर आले असताना, चष्मेवाल्यांच्या सुनेने विचारले, "तमकी म्हणजे ती होडीवालीच ना?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. दिराने भावाकडे पाहिले, भावाने वाटीत. नणंद दुसऱ्या शहरात राहते, पण दर रविवारी पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेल्या फोनमधून जेवायला हजर असते. ती म्हणाली, "आवाज गेला का? कोण काय बोललं?" सासूबाईंनी सुनेच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

या प्रश्नाने घर का थिजले, हे कळायला घराची रीत सांगावी लागेल.

'नऊ बेटं' नावाचे एक काल्पनिक विश्व आहे. त्याचे चौदा चित्रपट निघाले, तीन मालिका आल्या, लहान मुलांसाठी म्हणून एक कार्टून काढले गेले आणि ते फक्त मोठ्यांनी पाहिले. शिवाय कादंबऱ्या आहेत, आणि ज्या कादंबऱ्यांना कंपनी आता आपल्या मानत नाही अशाही आहेत. चष्मेवाल्यांचे घर गेली वीस वर्षे या बेटांवर राहते. झोपायला आणि दुकान उघडायला तेवढे परत येते. दुकानात काउंटरच्या मागे या चित्रपटांच्या नायकाचे, कप्तानाचे, मोठे चित्र आहे. गिऱ्हाइकांना वाटते, चष्म्याच्या फ्रेमची जाहिरात असावी.

सून आठ महिन्यांपूर्वी घरात आली. तिने 'नऊ बेटं' मधले काहीही पाहिलेले नव्हते. ही गोष्ट आनंदाची मानली गेली. सासरे तर म्हणाले होते, की पुन्हा पहिल्यांदा पाहणे आपल्याला या जन्मी शक्य नाही, पण पहिल्यांदा पाहणारे माणूस घरात आले आहे. पहिल्याच आठवड्यात तिला सुरुवात करून द्यायचे ठरले. प्रश्न एवढाच होता की कुठून.

सासऱ्यांचे म्हणणे होते, की ज्या क्रमाने चित्रपट आले त्याच क्रमाने पाहायचे. नंबर काढताना आधी ढोबळ भिंग लावतात, मग बारीक. कोणी उलटे केले तर डोळा फसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मध्ये त्यांनी दोन वर्षे वाट पाहिली होती, ती वाट पाहणेही अनुभवाचा भाग आहे, तेव्हा सुनेनेही वाट पाहावी. या हिशेबाने चौदावा भाग ती निवृत्त होईल त्या सुमारास पाहील, असे नवऱ्याने हळूच सुचवले. सासरे म्हणाले, घाई कोणाला आहे?

दीर मालवाहतुकीच्या कंपनीत ट्रकचे मार्ग आखतो. त्याला कथेतल्या काळाचा क्रम हवा होता. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे कार्टून आधी, मग सातवा भाग, मग पहिला. चौथा भाग मधोमध थांबवायचा, एक मालिका पूर्ण पाहायची आणि मग चौथ्याचा उरलेला अर्धा. कुठलीही गाडी रिकामी परत येता कामा नये, हे त्याचे ब्रीद. त्याच्या क्रमात कप्तान पहिल्यांदा दिसायला साधारण चाळीस तास लागतात.

नवरा जमीन मोजणारा. मोजणी करताना एक पक्का बिंदू धरावा लागतो आणि तिथून दोन्हीकडे जावे लागते, म्हणून त्याने पाचवा भाग पक्का धरला. त्याच्या आधीचे मागे, नंतरचे पुढे, आळीपाळीने. हा तोडगा असल्यामुळे तो कोणालाच पटला नाही. नणंदेने फोनमधून चौथा पक्ष काढला, की चांगले तेवढेच दाखवा आणि बाकी सोडून द्या. चांगले कोणते यावर रविवारचे तीन फोन गेले.

एकाच गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होते. अकरावा भाग कोणत्याही क्रमात नको, आणि असलाच तर अगदी शेवटी. त्यात लढाई नाही, वादळ नाही, कप्तान म्हाताराही दिसतो. एक बाई दोन बेटांच्या मधल्या खाडीत होडी चालवते, एवढाच तो चित्रपट.

क्रम ठरेपर्यंत सुनेने काहीही पाहायचे नाही, असे ठरले. ते तिने पाळले. टीव्हीवर पुढच्या भागाची जाहिरात लागली की नवरा तिच्या डोळ्यांवर हात ठेवायचा. पहिल्या महिन्यात तिला हे गोड वाटले. दुसऱ्या महिन्यात ती स्वतःच खोलीबाहेर जाऊ लागली.

खरी अडचण जेवणाच्या टेबलावर होती. या घरात दिवसभर कोणी कोणाशी फार बोलत नाही. सगळे बोलणे जेवताना, आणि जेवताना फक्त बेटे. सून आल्यावर बोलणे थांबू लागले. ती पाणी आणायला उठली की सुरू व्हायचे, जग घेऊन आली की बंद. थांबवणे अगदीच अशक्य झाले तेव्हा दिराने सांकेतिक नावे काढली. कप्तान म्हणजे अमका, होडीवाली म्हणजे तमकी, आणि तिचा बेपत्ता भाऊ म्हणजे ढमका. वाक्ये अशी यायची: अमक्याने तमकीला ढमक्याचे खरे सांगितले असते, तर तिसऱ्याला काही अर्थ उरला असता का? यावर सासरे मान हलवायचे, नवरा हसू दाबायचा आणि सून जेवायची.

तिला बेटांशी काही देणेघेणे नव्हते. तिला त्या टेबलावर बसायचे होते. हे तिने एकदा नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "अगं, बसतेस की रोज."

सून फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही आहे. तिच्याकडे गुडघा बदललेले एक गृहस्थ येतात, दवाखान्यात त्यांना गुडघेवाले काका म्हणतात. ते चित्रपट लागल्याशिवाय पाय वाकवत नाहीत. गेल्या शुक्रवारी त्यांनी अकरावा भाग लावला. एरवी ती टीव्हीकडे पाठ करून बसते. त्या दिवशी काकांचा गुडघा पहिल्यांदा नीट वाकला, आणि टाच हातात धरून पाठ फिरवता येत नाही. म्हणून पहिला अर्धा तास तिने नाइलाजाने पाहिला. मग पुढच्या पेशंटने येत नसल्याचे कळवले. काकांचा व्यायाम संपला होता. काका उठले नाहीत आणि तीही उठली नाही.

रविवारी हे सगळे तिने टेबलावर असेच सांगितले, काही न लपवता.

"पेशंट येणार नाही म्हटल्यावर तू उठायचंस ना," नवरा म्हणाला.

"बाई होडी घेऊन मधोमध आली होती," ती म्हणाली. "तशी सोडून कशी उठणार?"

दिराने चमचा खाली ठेवला. नुकसान किती झाले ते आधी ठरवू, असे तो म्हणाला. त्यानंतर चौकशी झाली. प्रश्न असे विचारायचे होते, की सुनेने काय पाहिले ते घराला कळावे, पण जे तिने पाहिले नाही ते प्रश्नातून तिला कळू नये. सासऱ्यांनी विचारले, की धक्क्यावर जे होते ते तिने पाहिले का. तिने विचारले, कोणत्या धक्क्यावर. सासऱ्यांनी दिराकडे पाहिले. दिराने मान हलवली, म्हणजे पुढे जाऊ नका. मग नवऱ्याने विचारले, शेवटी जो येतो तो कोण, हे तिला समजले का. ती म्हणाली, शेवटी कोणी येत नाही. यावर तिघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला, कारण तो कोण हे पाचवा पाहिल्याशिवाय समजत नाही, तो नुसता कोळी वाटतो.

नणंदेने या काळात स्वतःकडचे जेवण उरकले होते. दिराचे मत पडले, की स्मरणशक्तीला वेळ द्यावा. वर्षभर वहिनीसमोर या विषयाचा उच्चार करू नये, तपशील आपोआप पुसट होतील, मग कार्टूनपासून सुरुवात. सासरे म्हणाले, पाहिलेच नाही असे समजून पहिल्यापासून सुरू करू. नणंद म्हणाली, पाहिलेले पुसता येत नाही, तेव्हा आता अकराव्यापासून सुरू होणारा नवा क्रम आखावा लागेल, आणि तो आपण बुधवारपर्यंत पाठवू. हे सगळे सुनेबद्दल चालले होते आणि सून तिथेच बसली होती.

तेवढ्यात तिला कोणी तरी विचारले, की एकूण कसा वाटला. कोणी विचारले यावर आता वाद आहे. दीर म्हणतो भावाने विचारले, भाऊ म्हणतो ताईने.

"चांगला होता," सून म्हणाली. "फक्त तो म्हातारा शेवटपर्यंत पकडला जात नाही, ते पटलं नाही."

"कोण म्हातारा?" सासऱ्यांनी विचारले.

"तो कप्तान. त्या बाईचा भाऊ मेलाय हे त्याला माहीत असतं आणि भाऊ जिवंत आहे म्हणून तो तिला सांगत राहतो. तीनदा खोटं बोलतो तिच्याशी."

"चारदा," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई दुकानात मागच्या बाजूला फ्रेम दुरुस्त करतात. बारीक स्क्रू, बारीक पेचकस. घरात बेटांबद्दल बोलणे चालले की त्या "हो ना" म्हणतात. वीस वर्षांत त्यांनी स्वतःहून मांडलेले हे पहिले मत होते.

"होडीत तीनदा आणि धक्क्यावर एकदा, पाठ फिरवून," त्या म्हणाल्या. "तोंड लपवून बोलतो ना, ते धरून चार."

सासऱ्यांनी त्यांना समजावले, की तो अर्थ लागतो फक्त तिसरा भाग विसरल्यावर. तिसऱ्यात जे घडते ते पाहिलेल्या माणसाने असे म्हणू नये.

"तिसरा मी कुठे पाहिलाय सगळा," सासूबाई म्हणाल्या.

मग एकेक निघत गेले. दुसऱ्यात जहाज बुडते तेव्हा त्या दूध उतू जाते का ते पाहायला उठल्या होत्या. जहाज बुडाले हे त्यांना रात्री नवऱ्याने सांगितले. पाचव्याचा पहिला अर्धा भाग धाकट्याच्या तापामुळे गेला. सहावा त्यांनी पाठमोरा ऐकला, कारण इस्त्रीचे टेबल त्या बाजूला होते. आठवा पूर्ण पाहिला, पण तो नववा आहे असे समजून. अकरावा मात्र सलग पाहिला, कारण तो लागला की बाकीचे सगळे उठून जायचे.

"पण तिसऱ्याच्या शेवटी तू रडली होतीस," सासरे म्हणाले. "माझ्या शेजारी बसून."

"स्टुलावरून उतरताना पाय मुरगळला होता."

फोनमध्ये नणंद हसली, आणि कोणी हसत नाही हे पाहून थांबली.

"म्हणजे वीस वर्षं मी बोलत होतो कोणाशी?" सासऱ्यांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता.

"माझ्याशीच. ऐकत होते की," सासूबाई म्हणाल्या आणि ताटे उचलू लागल्या.

सोमवारपासून एक बदल झाला, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हता. सुनेपुढे आता काही लपवायचे राहिले नव्हते, निदान अकराव्याबद्दल. म्हणून टेबलावर अकराव्याबद्दल बोलायला परवानगी होती, आणि फक्त अकराव्याबद्दल. ज्या भागाला या घराने कधी विचारले नव्हते, त्यावर सलग तीन दिवस बोलणे झाले, कारण दुसरे बोलता येत नव्हते. होडीवालीला खरे माहीत होते का, यावर दिराचे आणि सासूबाईंचे जुंपले. सासूबाई म्हणाल्या, की माहीत होते म्हणून तर ती दर वेळी पुन्हा विचारते. दिराने या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. तो सुनेला म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" रविवारची चौकशी सोडली, तर आठ महिन्यांत त्या टेबलावर तिला विचारला गेलेला, मिठाशी संबंध नसलेला, हा पहिला प्रश्न.

ती म्हणाली, तिला माहीत नव्हते, पण हात थांबत नाहीत म्हणून ती विचारते. वल्हे मारताना माणूस तेच तेच बोलतो. दवाखान्यात पेशंटही व्यायाम करताना एकच गोष्ट दहादा सांगतात. सासूबाई म्हणाल्या, असेल, पण नजर काय सांगते? मग नजरेवर बोलणे झाले. त्या दिवशी ताटे वाळली तरी कोणी उठले नाही. दुसऱ्या दिवशी सून दवाखान्यातून लवकर निघाली आणि हाक येण्याआधीच टेबलाशी येऊन बसली.

सासरे या बोलण्यात नव्हते. ते जेवत होते. त्यांची अडचण वेगळी होती आणि ती त्यांनी मुलाला दुकानात सांगितली. सून कप्तानाला खोटारडा म्हणते. तो खोटारडा नाही, हे सिद्ध करणे दोन वाक्यांचे काम आहे. पण ती दोन वाक्ये तिसऱ्या भागातली आहेत. सांगावीत तर तिचा तिसरा कायमचा वाया जातो, आणि ज्या माणसाने तिला सर्वांत जास्त जपले त्यानेच तो वाया घालवला असे होते. न सांगावीत तर कप्तान तिच्या लेखी खोटारडाच राहतो, आणि आता तर घरात एक साथीदारही तिला मिळाली आहे. मुलगा म्हणाला, बाबा, तिला तिसरा दाखवून टाका. सासरे म्हणाले, पहिले दोन न दाखवता? मग तू तरी मोजणी कशाला शिकलास?

बुधवारी नणंदेचा नवा क्रम आला. त्यात अकराव्यानंतर आठवा होता. दिराने त्याच्यावर चार हरकती पाठवल्या.

सासऱ्यांनी याच काळात आणखी एक उपाय करून पाहिला. रात्री त्यांनी सासूबाईंना पहिला भाग लावून दिला, शेजारी बसले आणि मधे उठायचे नाही असे सांगितले. सासूबाई दोनदा उठल्या. दुसऱ्या वेळी सासऱ्यांनी टीव्ही थांबवला आणि त्या परत येईपर्यंत वाट पाहिली. असे या घरात पूर्वी कधी झाले नव्हते. सासूबाई परत आल्या, अर्धा तास पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, हा तरुणपणीही तोंड लपवूनच बोलतो." टीव्ही बंद झाला.

गुरुवारी जेवायला बसताना सासऱ्यांनी सांगितले, की यापुढे अकराव्याबद्दलही बोलणे नको. आपल्या घरात बसून कप्तानाबद्दल काहीही ऐकून घ्यायची त्यांची तयारी नाही. पंधरावा भाग येत्या रविवारी लागतो आहे, तो झाला की काय ते पाहू. दिराने अमका-तमका पुन्हा सुरू करून पाहिले. पण ती नावे आता सगळ्यांना माहीत होती, आणि नवी सुचेनात. चौघे नुसते जेवले. सून दोन मिनिटांत ताट संपवून उठली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाढलेलं तरी संपव." तिने संपवलेले होते.

शुक्रवारी दुपारीही तसेच चालले. वाट्या सरकवल्याचा आवाज येत होता. मग सुनेने हात धुतले नाहीत, तशीच बसून राहिली आणि सासऱ्यांकडे पाहून बोलली.

"बाबा, तिसरा दाखवा नाहीतर सांगून टाका. मला दोन्ही चालेल. माझं काही वाया जात नाही. पण जेवताना बोला हो सगळे."

"सांगितलं तर तुला पुन्हा कधीच तसं बघता येणार नाही, सूनबाई," सासरे म्हणाले. "एकदाच मिळतं ते."

"आठ महिने मी कसंच बघितलेलं नाही."

"वहिनी, आठवड्याभरात क्रम ठरतोय," दीर म्हणाला.

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी काही तरी बोलायला तोंड उघडले. "तिसऱ्यात," असा एक शब्द ते बोलले. दिराने कानांवर हात ठेवले, स्वतःच्या, जरी त्याने तो भाग असंख्य वेळा पाहिलेला आहे. सासरे थांबले, उठले आणि हात धुऊन दुकानात गेले.

शनिवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी दुकानातून घरी फोन केला आणि सुनेला बोलावून घेतले. तिचा दवाखाना दुपारच्या जेवणानंतर सुरू होतो. ती आली. काउंटरवर दोन गिऱ्हाइके होती, एकाचे भिंग बदलायचे होते आणि एकाला नुसती दांडी घट्ट करून हवी होती. सासऱ्यांनी दोघांना बसायला सांगितले, सुनेला तपासणीच्या खोलीत नेले आणि आतून दार लावले. त्या खोलीत एक उंच खुर्ची आहे, समोर अक्षरांचा उजळणारा फलक आहे आणि टीव्ही नाही. पण सासऱ्यांच्या फोनवर सगळे भाग असतात.

साडेअकराला नवरा आला. तो मोजणीवरून मधेच निघून आला होता आणि बुटांना चिखल होता. त्याने आईला विचारले, की बाबा दाखवतायत की सांगतायत.

सासूबाईंनी दांडीचा स्क्रू बसवला, चष्मा उजेडात धरून पाहिला आणि गिऱ्हाइकाला दिला. मग म्हणाल्या, की आवाज येतोय, पण फोनचा की माणसाचा ते इथून कळत नाही.

भिंग बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाने किती वेळ लागेल असे विचारले. त्याला दुपारनंतर यायला सांगण्यात आले. सव्वाबारा वाजता दार बंदच होते.